काच तडकली म्हणून

‘आगीचं कारण निश्चित सांगता येत नाही.’ ज्या अहवालाच्या शेवटी हे वाक्य असे, तो अहवाल मला कित्येक वर्षं अर्धवट वाटत आला. लिहिणाऱ्याने जागेवर पुरेसा वेळ काढला नाही, किंवा कुणाचा रोष ओढवून घ्यायची त्याची तयारी नव्हती, असं मी समजत असे. मी आगीच्या विमादाव्यांचा सर्व्हेअर. भिवंडीची गोदामं, इचलकरंजीचे यंत्रमाग, वसई पट्ट्यातले प्लॅस्टिकचे गाळे यांत माझं कामाचं आयुष्य गेलं. आग कशाने लागली याला उत्तर असतंच, आणि ते जळालेल्या जागेतच मिळतं, अशी माझी धारणा होती. ती आता राहिलेली नाही. आज मला त्या वाक्यात प्रामाणिकपणा दिसतो आणि ते लिहिणाऱ्याविषयी आदर वाटतो. माझं मत कसं फिरलं ते मोकळेपणाने सांगायला हवं, कारण ज्या खुणांवर मी विसंबत होतो त्याच खुणांच्या जोरावर माणसं फाशीपर्यंत गेलेली आहेत.

त्या खुणा आम्ही कुठल्या पुस्तकात शिकलो नाही. वरिष्ठांच्या मागे राखेतून फिरताना शिकलो. खिडकीच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दिसले की उष्णता एकदम वाढली, म्हणजे पेट्रोल. फरशीवर किंवा लाकडी जमिनीवर थारोळ्याच्या आकाराचा काळा डाग असला की तिथे काहीतरी ओतलं. काँक्रीटचे पोपडे उडाले, ॲल्युमिनियमची चौकट वितळली, लाकडाच्या कोळशावर मगरीच्या पाठीसारखे मोठे चकचकीत खवले आले, की आग नैसर्गिक नाही. भिंतीवरच्या काजळीचा ‘व्ही’ अरुंद असला तर आग जोरात भडकली आणि रुंद असला तर सावकाश वाढली. हे सांगणारी माणसं खोटारडी नव्हती. त्यांनाही कुणीतरी असंच सांगितलं होतं, आणि त्यांचा अनुभव खरोखर दांडगा होता. पण त्या अनुभवाची परीक्षा कधीच झाली नव्हती, हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला. आपण पेट्रोल म्हणालो, दावा फेटाळला गेला, प्रकरण मिटलं. आपण बरोबर होतो की नाही हे परत येऊन कोण सांगणार? वैद्याला निदान रोगी बरा होतो की दगावतो एवढं तरी कळतं. आम्हाला तेही कळत नसे.

या खुणांमध्ये एक ओढ असते, तीही सांगितली पाहिजे. सगळे जण भांबावलेले असतात, मालक रडत असतो, पोलीस पंचनाम्याच्या घाईत असतात, आणि अशा वेळी एक माणूस काचेचा तुकडा उचलून निरखतो आणि शांतपणे सांगतो की हे असं झालं. तो माणूस होणं मला आवडत होतं. बऱ्याच चुकीच्या समजुती अज्ञानापेक्षा या आवडीमुळे टिकतात, असं मला आता वाटतं.

पहिला धक्का अमेरिकेतल्या एका खटल्याची हकिगत वाचून बसला. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात लाइम स्ट्रीटवरचं एक घर १९९०च्या ऑक्टोबरमध्ये जळालं. सहा जणांचा जीव गेला, त्यांत एक गरोदर बाई, तिची बहीण आणि चार मुलं. नवरा लहान मुलाला घेऊन बाहेर पडला होता. आग सोफ्यावर सुरू झाली असं त्याचं सांगणं. जमिनीवरच्या खुणा पाहून तपास करणारे म्हणाले की ज्वालाग्राही द्रव ओतलेला आहे, म्हणजे खून. सरकार पक्षाने जॉन लेंटिनी आणि जॉन डीहान हे दोन नावाजलेले तज्ज्ञ बोलावले. नशिबाने शेजारीच त्याच आराखड्याचं, पाडायला काढलेलं घर उपलब्ध होतं. त्यात तसाच गालिचा, तसंच सामान मांडलं आणि पेट्रोलचा थेंबही न वापरता सोफा पेटवला. पाच मिनिटांच्या आत अख्खी खोली ज्वाळांनी भरली. आग विझवल्यावर जमिनीवर तेच थारोळं, त्याच खुणा. आरोपीविरुद्धचा खटला मागे घेतला गेला. लेंटिनी पुढची कित्येक वर्षं जुन्या खुणांवर उभ्या राहिलेल्या खटल्यांच्या विरोधात साक्षी देत राहिले.

खोलीत काय घडलं ते समजून घेतल्याशिवाय याचं महत्त्व कळत नाही. सोफ्यातला फोम, म्हणजे पॉलियुरेथेन, पेटला की प्रचंड उष्णता बाहेर टाकतो. गरम धूर छताखाली साचतो आणि त्याचा थर खाली उतरू लागतो. त्या थराचं तापमान साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सियसला पोचलं की त्याच्या नुसत्या धगीने खालची प्रत्येक जळाऊ वस्तू जवळपास एकाच वेळी पेट घेते. टेबल, पडदे, गालिचा, जमीन, सगळं. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. तोवर ‘खोलीत आग’ असते, त्यानंतर ‘आगीत खोली’ असते. आणि इथून पुढे आग जिथे हवा मिळेल तिथे जोरात जळते. दाराशी, खिडकीशी, हवेचा झोत पोचतो त्या कोपऱ्यात. सगळ्यांत जास्त जळालेली जागा म्हणजे आगीचं उगमस्थान, हे जे आम्ही गृहीत धरत होतो, ते फ्लॅशओव्हर झालेल्या खोलीत लागूच होत नाही. खोल जळालेला उंबरठा काही ओतल्याचं सांगत नाही. तिथून हवा आत येत होती एवढंच सांगतो.

तरीही मी लगेच बधलो नाही. माझा युक्तिवाद तयार होता: अमेरिकेतली घरं लाकडाची, आपली विटांची आणि आरसीसीची, तिकडचे धडे इकडे कसे चालतील? या युक्तिवादाच्या आडोशाला मी बराच काळ काढला. मग एकदा स्वतःच्याच फायलींतले फोटो त्या नजरेने पाहिले. ऑफिसात फोमच्या खुर्च्या, सिंथेटिक कार्पेट, पीव्हीसीची फॉल्स सीलिंग, प्लायचं पार्टिशन. गोदामात छतापर्यंत रचलेले प्लॅस्टिकचे गठ्ठे. भिंत विटेची असल्याने काय फरक पडतो? जळतं ते आतलं सामान. उलट विटेची भिंत उष्णता आत धरून ठेवते. माझा आक्षेप विज्ञानाचा नव्हता, सोयीचा होता.

काचेची गोष्ट तर मला आजही अस्वस्थ करते. १९९१च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा वस्तीत शिरला आणि हजारो घरं जळाली. ही घरं कुणी पेट्रोल ओतून पेटवलेली नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लेंटिनी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ५० घरांचे अवशेष तपासले. जाळीसारखे तडे गेलेली काच तिथेही होती. मग प्रयोगशाळेत काच झपाट्याने तापवून पाहिली, तसे तडे पडले नाहीत. तापलेल्या काचेवर पाणी उडवलं, तेव्हा पडले. म्हणजे जी खूण आम्ही आग लावणाऱ्याची समजत होतो, ती बहुतेक वेळा आग विझवणाऱ्याची होती. अग्निशमन दलाच्या होसपाइपचं पाणी.

ही माहिती वेळेवर पोचली असती तर कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमचं काय झालं असतं, हा प्रश्न मला सोडत नाही. टेक्सासमधल्या कॉर्सिकाना गावी २३ डिसेंबर १९९१ला त्याचं घर जळालं आणि आत तीन लहान मुली गेल्या. तो बाहेर पडला होता. आग तपासणाऱ्यांनी २०हून अधिक खुणा मोजल्या: तडकलेली काच, जमिनीवरची थारोळी, काँक्रीटवरचे तपकिरी डाग, ॲल्युमिनियमच्या उंबऱ्याखालचं जळालेलं लाकूड. प्रयोगशाळेत पाठवलेल्या नमुन्यांपैकी ज्वालाग्राही द्रवाचा अंश मिळाला तो फक्त पुढच्या दाराशी, जिथे ओसरीवर कोळशाची शेगडी आणि ती पेटवायच्या द्रवाची बाटली ठेवलेली असायची. त्याला १९९२मध्ये मृत्युदंड झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेने ‘एनएफपीए ९२१’ हा आगीच्या तपासाचा मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्या जुन्या खुणांपैकी अनेकांना आधार नाही असं त्यात लिहिलेलं होतं. गुन्हा कबूल केला तर जन्मठेपेवर सुटशील, हा प्रस्ताव विलिंगहॅमने खटल्याआधी नाकारला होता. मृत्युदंडाला थोडेच दिवस उरले असताना जेराल्ड हर्स्ट या रसायनतज्ज्ञाने सगळ्या खुणा तपासून अहवाल दिला की यांत आग लावल्याचा एकही पुरावा नाही. तो अहवाल दयेच्या अर्जासोबत गेला. अर्ज फेटाळला गेला आणि १७ फेब्रुवारी २००४ला त्याला विषारी इंजेक्शन देण्यात आलं. २००९मध्ये टेक्सासच्या न्यायवैद्यक आयोगासाठी क्रेग बायलर यांनी पुन्हा छाननी केली आणि ते त्याच निष्कर्षाला आले.

विलिंगहॅम निर्दोष होता असं मी म्हणत नाही. त्या रात्री काय झालं ते मला माहीत नाही, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. ज्यांनी त्याला दोषी ठरवलं त्यांनाही ते माहीत नव्हतं. जळालेल्या खोलीने त्यांना सांगितलं असं त्यांना वाटलं.

माझ्या व्यवसायात फाशी नसते, पैसा असतो, असं काही सहकारी म्हणतात. पण दावा फेटाळताना ‘आग लावली’ असा शेरा पडला की पुढे एफआयआर होऊ शकतो, बँक कर्ज परत मागते, आणि गावात त्या माणसाचं नाव कायमचं जातं. यंत्रमागाच्या चार शेडवाल्या मालकाला हे पेलत नाही.

नंतर समजलं की अनुभवही या बाबतीत फारसं वाचवत नाही. २००५मध्ये लास व्हेगासला एका प्रशिक्षणात दोन खोल्या पेटवून फ्लॅशओव्हरनंतर साधारण दोन मिनिटं जळू दिल्या, आणि आग खोलीच्या कुठल्या चतकोरात सुरू झाली एवढंच तपास करणाऱ्यांना विचारलं. पहिल्या खोलीबाबत ५३ जणांपैकी तिघांचं उत्तर बरोबर आलं. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी चौथा हिस्सा बरोबर यायला हवा होता. म्हणजे ते नुसते चुकत नव्हते, त्यांची विद्याच त्यांना चुकीच्या कोपऱ्याकडे नेत होती.

सगळ्यांत कठीण गेलं ते मात्र खुणा सोडणं नव्हे. वजाबाकी सोडणं कठीण गेलं. आमची पद्धत अशी: मेन स्विच बंद होता, म्हणजे वीज नाही. आत कुणी विडी ओढत नव्हतं. वेल्डिंग चालू नव्हतं. रासायनिक माल नव्हता. मग उरलं काय? कुणीतरी लावली. त्यात मालकाची देणी थकलेली निघाली, स्टॉक रजिस्टर फुगवलेलं दिसलं, की खात्रीच पटायची. हे तर्कशास्त्र दिसतं, पण नाही. अपघाताची जी शक्यता आपल्याला सुचलीच नाही ती या वजाबाकीत धरलेली नसते, आणि आगीनेच जो पुरावा खाऊन टाकला त्याचा ‘न मिळणं’ हाच पुरावा ठरतो. ‘एनएफपीए ९२१’च्या २०११च्या आवृत्तीने ही रीत विज्ञानाला धरून नाही असं स्पष्ट म्हटलं. देणी थकलेला माणूस संशयास्पद असतो हे खरं. पण ते हिशेबाच्या वहीतून कळतं. ते मनात ठेवून फरशीचा डाग पाहिला की डागही देणेकरी दिसू लागतो. आता मी जागा पाहून निरीक्षणं लिहून काढतो आणि मगच मालकाचे हिशेब उघडतो.

याची दुसरी बाजूही आपल्याकडे आहे. ती म्हणजे ‘शॉर्ट सर्किट’. वर्तमानपत्रात आगीची बातमी या शब्दांशिवाय क्वचितच संपते, अनेकदा बंब जागेवर असतानाच. पुरावा विचारला तर तांब्याच्या तारेच्या टोकाला आलेला गोळा दाखवतात. तांबं १०८५ अंशांना वितळतं, तो गोळा बहुधा विजेच्या ठिणगीनेच झाला असेल, हे मान्य. पण आगीने तारेवरचं आवरण जळालं आणि तार चालू असली तरी शॉर्ट सर्किट होतंच. गोळा सांगतो की त्या क्षणी तारेत वीज होती. ठिणगीने आग लागली की आगीने ठिणगी पडली, हे त्या एका गोळ्यावरून ठरत नाही. पेट्रोलच्या शेऱ्याने निरपराध माणूस अडकू शकतो, तर शॉर्ट सर्किटच्या शेऱ्याने खरा गुन्हेगार किंवा खरा निष्काळजीपणा सहीसलामत सुटू शकतो. दोन्हीचं मूळ एकच, लवकर उत्तर हवं असणं.

हे सगळं मान्य करतानाही एका विचाराने मला बराच काळ अडवून धरलं होतं. आपल्याकडे आगीचा सगळ्यांत दुखरा इतिहास गोदामांचा नाही, स्वयंपाकघरांचा आहे. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ या तीन शब्दांखाली किती मुली गेल्या. त्यासाठी बायका रस्त्यावर आल्या, १९८३मध्ये कलम ४९८अ आलं, १९८६मध्ये ३०४ब आलं. आता मी उठून म्हणायचं की जळालेल्या जागेवरून रॉकेल ओतल्याचं सांगता येत नाही? मग मी कुणाच्या बाजूला जाऊन उभा राहतो? या प्रश्नाने माझी झोप गेली होती, आणि तो प्रश्न योग्यच होता.

विचार करता करता जे दिसलं ते असं. स्वयंपाकघराच्या फरशीवरचा डाग त्या मुलीला न्याय देत नाही, कारण स्टोव्हच्या घरात फरशीवर रॉकेल मिळणारच, आणि बरा वकील तो डाग पाच मिनिटांत निकालात काढतो. तिची साक्ष असते ती तिच्या अंगावरच्या अर्धवट जळालेल्या कपड्यांत, केसांत, स्टोव्हच्या टाकीत किती रॉकेल उरलं आणि पंप कुठल्या अवस्थेत आहे यात, आणि डॉक्टरने नीट नोंदवलेल्या मृत्युपूर्व जबानीत. कपड्यातलं रॉकेल गॅस क्रोमॅटोग्राफीत सापडतं. पण ते उडून जाणारं असतं. साध्या पॉलिथिनच्या पिशवीतून त्याची वाफ निसटते आणि शेजारच्या नमुन्याची वाफ आत शिरू शकते. हवाबंद पत्र्याचा डबा किंवा घट्ट झाकणाची काचेची बरणी लागते. तो कपडा गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठाण्याच्या कोपऱ्यात पडला, तर प्रयोगशाळेने काय शोधायचं? मी ज्या कठोरपणाची भीती बाळगत होतो, त्याची सगळ्यांत जास्त गरज त्या मुलींनाच होती. ढिलाईचा फायदा नेहमी दुसऱ्या बाजूला मिळत आला.

‘कारण अनिश्चित’ म्हणजे कोरा कागद, हाही माझा समज होता. तो गेला मुंबईच्याच एका जुन्या प्रकरणामुळे. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर आग लागली. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठी. दुपारी चारनंतर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. शेकडो माणसं मेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान. युद्धाचे दिवस होते, शत्रूच्या हस्तकांचा संशय येणं स्वाभाविक होतं, आणि कुणा एकाला पकडून उभं केलं असतं तर लोकांचं समाधानही झालं असतं. चौकशीने आगीची जागा बहुधा कापसाच्या गाठींत दाखवली, आणि मग वर्मावर बोट ठेवलं: कापूस स्फोटकांच्या सोबतीने भरला, धोक्याचा लाल बावटा लावला नाही, स्फोटकं उतरवायला उशीर केला, अग्निशमन दलाला वेळेत कळवलं नाही. ठिणगी कुणाच्या हातची होती हे न सांगताही इतकं सांगता येतं, आणि पुढचे जीव वाचवायला उपयोगी पडतं ते हेच.

म्हणून मी आता अहवालात कारणाखाली आणखी लिहितो: कुठल्या शक्यता तपासल्या, प्रत्येकीच्या बाजूने आणि विरुद्ध काय मिळालं, काय मिळालं असतं तर निष्कर्ष बदलला असता. एका विमा कंपनीने असा अहवाल ‘एकच कारण द्या’ म्हणून परत पाठवला होता. मी तसाच पुन्हा सादर केला. लावलेल्या आगी मला दिसायच्या थांबलेल्या नाहीत. फक्त त्या आता वेगळ्या ठिकाणी सापडतात. जिथे पेट्रोलचं काही कारण नाही तिथल्या, प्रयोगशाळेने पक्क्या केलेल्या नमुन्यात. आदल्या आठवड्यात बाहेर गेलेल्या मालाच्या ट्रकच्या पावत्यांत. समोरच्या इमारतीतल्या कुणी मोबाइलवर काढलेल्या पहिल्या दोन मिनिटांच्या व्हिडिओत, ज्यावर वेळ असते आणि ज्यात धूर आधी कुठल्या खिडकीतून आला ते स्पष्ट दिसतं. जागेवर पोचल्यावर मी आता पहिल्यांदा तो व्हिडिओ कुणाकडे आहे हे विचारत फिरतो.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६मध्ये तरतूद आहे की सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा, चित्रीकरण करायचं. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. ही तरतूद मला मनापासून हवीशी वाटते. पण आगीच्या जागी येणाऱ्या त्या गाडीत काय असेल हे आत्ताच ठरायला हवं. न वापरलेले, घट्ट झाकणाचे पत्र्याचे डबे हवेत, भरपूर. जळालेल्या गालिच्यासोबत त्याच गालिच्याचा न जळालेला तुकडा तुलनेसाठी उचलण्याची सक्ती हवी, कारण काही सिंथेटिक वस्तू जळताना त्यांतूनच पेट्रोलसारखे घटक निघतात. ढिगारा उपसून धुऊन टाकण्याआधी फोटो काढायला अग्निशमन दलाकडे एक माणूस हवा. आणि गाडीतून उतरणाऱ्या त्या तरुण तज्ज्ञाने आपल्या डोळ्यांसमोर निदान एक खोली पेटून फ्लॅशओव्हर होताना पाहिलेली हवी, म्हणजे काच तडकली म्हणून तो कुणाचं नाव घेणार नाही.